सुरमईतला पारा आणि रोजचा सोमवार

गेल्या वर्षी आमच्या घरात बरेच दिवस रोज सोमवार होता.

बाहेरच्या जगात आठवडा नेहमीसारखा चालू होता. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटचे भोंगे सुट्टीच्या दिवशी गप्प बसत होते, शनिवारी लोक दारू पीत होते, रविवारी उतरवत होते. फक्त आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, उंबरठ्याच्या आत, सोमवार. आणि हा सोमवार मी आणला होता. अगदी चांगल्या हेतूने! (माझ्या हातून आजवर जी जी वाट लागली ती चांगल्या हेतूनेच लागली आहे. वाईट हेतू धरायला जी चिकाटी लागते ती माझ्यात नाही.)

याची सुरुवात आईच्या चहापासून झाली. आई चहाचा कप घेऊन आली की अर्धा चहा बशीत, पाव चहा फरशीवर आणि उरलेला मला, अशी वाटणी होऊ लागली. तिचा हात थरथरायचा. मग आमटीत मीठ दोनदा पडू लागलं. मग एकदा अजिबात पडलं नाही आणि आम्ही सगळ्यांनी "छान झालीय" म्हटलं. मग एका सकाळी तिने मला माझ्या बाबांच्या नावाने हाक मारली आणि मिलची पाळी चुकेल म्हणून उठवलं. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली होती आणि मिल तर त्यांच्याही कितीतरी आधी गेली होती. मी हसलो. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि दोनदा तोंड धुतलं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अंधेरीच्या एका मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे आमचा नंबर येईपर्यंत दोन तास बाकड्यावर बसून होतो. दोन तास आणि हातात मोबाईल, म्हणजे माकडाच्या हातात कोलीत! मी आईची लक्षणं टाकून शोधत बसलो. जे जे समोर आलं त्या प्रत्येक आजाराच्या शेवटी "यावर पूर्ण उपचार नाही" असं लिहिलेलं. मी घामाघूम. आणि मग एका ठिकाणी दिसलं: समुद्रातल्या मोठ्या माशांत पारा साठतो. असे मासे फार खाल्ले आणि पारा अंगात भिनला तर हात थरथरतात, विसरायला होतं. उपाय? असे मासे बंद करा.

मासे बंद करा! एवढंच!

मला इतका आनंद झाला की शेजारच्या पेशंटने माझ्याकडे वळून बघितलं. आम्ही मालवणकडचे. सुरमई आणि मोरी, म्हणजे बाळ शार्क, यांवर माझी आई पोसली गेली आहे. मोरीचं मटण तर ती असं करते की शेजारच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्या उघडतात. म्हणजे हा पाराच! दुसरं काही असूच शकत नाही! जगात आपल्या आईला विषबाधा झाली असावी अशी मनापासून प्रार्थना करणारा मी पहिलाच मुलगा असेन.

डॉक्टरांनी आईला बरेच प्रश्न विचारले. आज कोणता वार, तर आईने "शुक्रवार" असं बिनचूक सांगितलं. बाकी काही आलं, काही नाही. मग मी माझं पाऱ्याचं संशोधन मांडलं. डॉक्टर म्हणाले, "मला तसं वाटत नाही. पण तुमच्या समाधानासाठी तपासू रक्त. तोवर मोठे मासे थोडे कमी करा हवं तर. महिनाभराने रिपोर्ट घेऊन या."

"थोडे कमी करा हवं तर" याचा अर्थ मी घरी पोचेपर्यंत "मासळी संपूर्ण बंद" असा झाला. सुरमई, मोरी तर गेलेच, पण बिचारे बांगडे, मांदेली, बोंबीलही गेले, आणि डब्यातला सुका जवळासुद्धा मी सोसायटीच्या मांजरांना नेऊन घातला. माझी बायको वर्षा म्हणाली, "अरे, जवळा नखाएवढा असतो. त्याच्यात पारा कुठे मावणार?"

"रिस्क नको," मी म्हटलं.

मग आईला समोर बसवून सगळं समजावलं. छोट्या माशात थोडा पारा असतो, मोठा मासा छोट्यांना खातो, त्यामुळे त्याच्यात जास्त साठतो, त्याला त्याहून मोठा खातो...

आई लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "आणि मी त्या सगळ्यांत मोठ्याक खाल्लंय. मगे माझ्यात किती असतलो!"

"तेच तर सांगतोय आई!"

"गप रव. माझो बापूस सुरमई खाऊन नव्वदीपर्यंत जगलो. मेलो तो माडावरसून पडान!"

शेवटी ती रडली. "माशान माझा काय वायट केल्यान रे?" म्हणत रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बरा. तू सांगतस तर नाय खातंय." प्रश्न मिटला. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "आज बाजारात काय मिळाला?"

ती सगळं विसरली होती. मी पुन्हा समजावलं. छोटा मासा, मोठा मासा, आजोबा, माड. ती पुन्हा रडली, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला आदल्या दिवशीचं रडू लक्षात असायचं आणि तिला नसायचं, एवढाच काय तो फरक. आठवडाभरात मला ते बघवेना.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे वार हा तारीख कळावी म्हणून नसतो. चुलीवर काय चढणार ते कळावं म्हणून असतो. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, या दिवशी मासे नाहीत. बाकी सगळे दिवस मासळीचे. म्हणून आई उठल्या उठल्या दात घासायच्या आधी विचारते, "आज वार कोणतो?" त्या दिवशी मंगळवार होता. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सोमवार."

"असा होय?" आई म्हणाली आणि शांतपणे मुगाची डाळ भिजत घालायला गेली.

ना रडणं, ना आजोबा, ना माड! मी वर्षाकडे विजयी मुद्रेने बघितलं. वर्षा म्हणाली, "आणि उद्या?"

"उद्या पण सोमवार."

"आणि परवा?"

"ती विसरते ना यार! तिला कुठे कळणार आहे?"

हे वाक्य मी बोललो तेव्हा मला फार हुशार वाटलं होतं.

सोमवार आणणं सोपं असतं, टिकवणं अवघड! भिंतीवरचं कॅलेंडर माळ्यावर गेलं. पेपर बंद केला. आईची सिरियल रविवारी नसते, म्हणून रविवारी केबल "खराब" व्हायची. तरी पहिल्याच रविवारी आईने मला पकडलं. "सोमवार मा आज? मगे तू घरात कसो?"

"सुट्टी आहे."

"कसली?"

"शंकराची." (माझं डोकं आयत्या वेळी असंच चालतं.)

मग वर्सोव्याहून मासे विकायला येणाऱ्या हिरामावशीचा घोळ झाला. ती आमच्या बिल्डिंगखाली पाटी उतरवून अशी हाक मारते की विमानं उतरायची थांबावीत. आई खिडकीशी गेली. "सोमवारी ही कशी इली?" मी म्हटलं, गावठाणातल्या ख्रिश्चन लोकांसाठी आली असेल. आणि खाली धावलो. "मावशी, काही दिवस आमच्या खिडकीखाली ओरडू नका, प्लीज."

"का रं बाबा? कोन गेलं काय घरात?"

"नाही हो, आईला मासे बंद केलेत. पारा असतो त्यांच्यात."

मावशीने पाटीवरचं फडकं बाजूला केलं, पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाली, "चांगला होता वो पोरगा." तेव्हापासून सोसायटीत माझ्याकडे लोक जरा सांभाळूनच बघतात.

समोरच्या कांबळेकाकूंना मात्र विश्वासात घेणं भाग होतं. त्या आणि आई तीस वर्षांच्या मैत्रिणी, दुपारचा चहा रोज एकत्र. मी म्हटलं, "काकू, आईने वार विचारला तर सोमवार सांगा."

काकू थेट म्हणाल्या, "मी नाही सांगणार. खोटं बोलणार नाही असं रोज संध्याकाळी बुद्धांसमोर हात जोडून म्हणते मी. आणि दुपारी तुझ्या घरात येऊन खोटं बोलू?"

"अहो, तिच्या भल्यासाठी!"

"भल्यासाठी बोललेलं खोटं चालेल असं नाही लिहिलेलं. मी गप्प बसेन. तेवढं जमेल."

त्या खरंच गप्प बसल्या. पण त्यांच्याकडे वार-बिर काही पाळत नाहीत, त्यामुळे मनात येईल तेव्हा बोंबील तळले जायचे आणि तो वास पॅसेज ओलांडून आमच्या मुगाच्या डाळीवर येऊन बसायचा. आई डोळे मिटून तो वास घ्यायची. "बरा असा बाई तुमचा," ती काकूंना म्हणायची. "तुमच्यात वाराचो तरास नाय." काकू चहात बघत बसायच्या आणि जाताना माझ्याकडे एक नजर टाकून जायच्या. पंचशीलातलं ते कितवं शील होतं कोण जाणे, पण ती नजर लागायची मला.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण एका सकाळी आई अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून आली आणि म्हणाली, "आजपासून सोळा सोमवार धरतंय. दिवसभर काय खावचंय नाय."

मी उडालोच. "का?"

"तुझा तोंड बघ कसा झाला हा. कसली काळजी असा ती तू सांगूचं नाय. मगे शंकराक सांगतंय."

आता करा काय करायचं ते! सोळा सोमवार म्हणजे माणसं चार महिने आठवड्यातून एकदा उपास करतात. आमच्याकडे रोज सोमवार, म्हणजे रोज उपास! बरं, सोळा दिवसांत संपेल म्हणावं तर तिला मोजणी लक्षात राहीना. रोज पहिलाच सोमवार! रोज सकाळी भस्म, रोज नवा संकल्प, रोज संध्याकाळी चार घास साबुदाण्याची खिचडी. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

"अरे, तू त्यांना पाऱ्यापासून वाचव," वर्षा म्हणाली, "आणि साबुदाण्याने मार!"

"आज मंगळवार आहे असं सांगू का मग?"

"सांग ना!"

सांगितलं. आई माझ्याकडे बघून हसली. "तुका आवशीची काळजी, म्हणान असा बोलतस. माका माहीत असा. आज सोमवार."

आईला दुपारी काय जेवली ते आठवत नव्हतं. बाबा गेले हे कधी आठवायचं, कधी नाही. मी सांगितलेला सोमवार मात्र तिने घट्ट धरून ठेवला होता.

महिन्याने आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. बुधवार होता. वजन बघून डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आजी, आज कोणता वार?"

"सोमवार."

"नक्की?"

"आमच्याकडे सोमवारच असता," आई माझ्याकडे बोट दाखवून ठामपणे म्हणाली. "झील सांगता."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "मागच्या वेळी वार बरोबर सांगितला होता त्यांनी. एका महिन्यात एवढा फरक म्हणजे..."

"डॉक्टर, तो फरक माझा आहे!" मी ओरडलो. आणि तिथे, एसीच्या थंडगार खोलीत, मी सगळं सांगितलं. कॅलेंडर, केबल, शंकराची सुट्टी, सोळा सोमवार. डॉक्टर ऐकत होते. त्यांनी बरेच मुलगे पाहिले असतील, पण आईचा आठवडा चोरणारा पहिलाच असावा. वर्षा छताकडे बघत होती. आई मात्र कौतुकाने मान हलवत होती, जणू झिलाने शाळेत बक्षीस मिळवलंय.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "वाराचा मार्क देऊन टाकू. आजी, साल कोणतं?"

आईने माझ्या जन्माचं साल सांगितलं.

"हे कोण?" त्यांनी वर्षाकडे बोट दाखवलं.

आईने बराच वेळ बघितलं. "चांगली बाई असा," ती म्हणाली. "माका जेवक घालता."

हे मी शिकवलं नव्हतं. वर्षाने आईचा हात हातात घेतला आणि छताकडेच बघत राहिली.

मग डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट उघडला आणि म्हणाले, "चला, एक चांगली बातमी. पारा अगदी नॉर्मल आहे. चिंतेचं काही नाही."

आयुष्यात इतकी वाईट "चांगली बातमी" मी ऐकली नाही.

"पुन्हा एकदा करू या का?" मी विचारलं. "लॅबवाले चुकतात कधी कधी. तिने आयुष्यभर सुरमई खाल्लीय हो. मोरी खाल्लीय. थोडासा तरी असेल..."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला तो हवाय का?"

"हो," मी म्हटलं. आणि मला रडू आलं. पारा असता तर निघाला असता. हा जो आजार होता त्याला मासे बंद, मुगाची डाळ सुरू, असा काही उपाय नव्हता. डॉक्टरांनी तो आजार समजावून सांगितला, गोळ्या लिहून दिल्या, आणि शेवटी म्हणाले, "आणि त्यांना जे आवडतं ते खायला द्या. छोटे मासे रोज दिलेत तरी हरकत नाही. मोठे कधीतरी. उपास बंद."

मी तसाच बाजारात गेलो आणि ताजे फडफडीत बांगडे आणले. वर्षाने तिरफळं घालून तिखलं केलं. तो वास घरात भरला तेव्हा मला वाटलं, निदान एवढं तरी मी परत देऊ शकतो. आईसमोर ताट ठेवलं.

आईने ताट लांब सारलं. "सोमवारी बांगडो? आवशीक बाटयतस?"

"आई, आज बुधवार आहे."

"खोटा बोलू नको."

"शपथ आई! बुधवार!"

"मेल्या, देवाक तरी भी."

माळ्यावरून कॅलेंडर काढून दाखवलं. "जुना असा." मोबाईल दाखवला. "त्याका काय कळता?" ताट निवत चाललं. तिला भूक होती, हे दिसत होतं. नजर पुन्हा पुन्हा बांगड्याकडे जात होती आणि आई ती ओढून परत आणत होती. आणि हे सगळं माझ्या एका शब्दावर, जो मी एका मंगळवारी सहज फेकला होता. शेवटी मी अनवाणी पॅसेज ओलांडला आणि कांबळेकाकूंना हाताला धरून घेऊन आलो.

काकू आईच्या शेजारी बसल्या. "आज बुधवार आहे," त्या म्हणाल्या.

"तुमी सांगतास?"

"मी सांगते."

आईने काकूंकडे बघितलं, ताट पुढे ओढलं आणि बांगड्याचा काटा न चुकता अंगठ्याने बाजूला केला. हात तेवढ्यापुरता थरथरला नाही. जेवता जेवता काकूंना म्हणाली, "माझ्या झिलाक वार कळणत नाय हल्ली. डॉक्टराक दाखवूक व्हया." काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि शील मोडू नये म्हणून त्या काहीच बोलल्या नाहीत.

पण काकू रोज सकाळी साक्षीला कुठून आणणार? दुसऱ्या दिवशी आईने भस्माची डबी उघडत विचारलं, "आज सोमवार मा?" आणि मी, ज्याने एवढं सगळं भोगलं होतं त्याच मी, पुन्हा तोंड उघडलं. "नाही गं. आज रविवार!"

आईचा चेहरा असा उजळला! रविवार म्हणजे आमच्याकडे मासळीचा सण. मंगळवार-बुधवारला नाही म्हणता येतं, सणाला कोण म्हणणार? डबी बंद झाली.

तेव्हापासून आमच्या घरात रोज रविवार असतो. (खऱ्या सोमवारी काय करता, असं विचारू नका. शंकराकडे आमचे इतके सोमवार आगाऊ जमा आहेत की पुढच्या दोन पिढ्या सुरमई खाऊ शकतील.) रोज सकाळी मी बॅग घेऊन निघालो की आई दारात हळहळते, "रविवारी पण कामाक बोलवल्यानी? मेल्यांका घरदार नाय?" आणि माझ्या डब्यात एक तुकडी जास्त घालायला लावते.

पण पहिला खरा रविवार आला आणि मी घरात लुंगी लावून बसलो, तर आई हळूच जवळ येऊन बसली. कुजबुजत म्हणाली, "नोकरी गेली काय रे तुझी? आवशीपासून लपवू नको." आणि तिने पुन्हा सोळा सोमवारांचा विषय काढला!

त्यामुळे आता खऱ्या रविवारीही मी कपडे करतो, बॅग घेतो, डबा घेतो आणि खाली उतरतो. सोसायटीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ एक बाक आहे, तिथे बसून माझ्याच घरचा बांगडा चोरासारखा खातो. निघताना आई खिडकीतून थरथरता हात हलवते आणि साऱ्या मरोळला ऐकू जाईल असं ओरडते, "बेगीन ये रे! आज रविवार असा!"

आठवड्यातून त्या एका दिवशी तिचा वार बरोबर असतो, आणि मी कामाला चाललेला असतो.